तसबिरीची चौकट घरीच करताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तसबिरीला घरच्या घरी नक्षीदार लाकडी चौकट करण्याविषयी अनेक वाचकांनी विचारणा केली आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न नक्षीचा असतो. उत्तर मात्र कोपऱ्यांपासून सुरू करावे लागते, कारण चौकट बिघडते ती तिथेच. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून पुढील प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीने काढलेले ३० × ४० सेंटीमीटर आकाराचे वारली शैलीतील चित्र मला घरी केलेल्या लाकडी चौकटीत बसवायचे आहे. हातकरवत, हातोडी, गुण्या आणि काचकागद एवढीच साधने माझ्याकडे आहेत. रंधा किंवा राउटर (खाच पाडणारे विजेवरचे यंत्र) नाही. काच आणि चित्र बसण्यासाठी मागच्या बाजूला लागणारी खाच कशी करावी, आणि पट्ट्यांची मापे कशी काढावीत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याकडील साधनांनी एका अखंड पट्टीत सरळ खाच कोरणे जिकिरीचे आहे आणि त्याची गरजही नाही. दोन पट्ट्या एकीवर एक चिकटवल्या आणि मागची पट्टी पुढच्या पट्टीपेक्षा थोडी अरुंद ठेवली, तर आतल्या बाजूला खाच आपोआप तयार होते. पुढची पट्टी ४० मिलिमीटर रुंद आणि मागची ३४ मिलिमीटर रुंद घ्यावी. दोन्हींची जाडी १२ मिलिमीटर असावी. बाहेरच्या कडा एका रेषेत ठेवल्या की आत ६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर खोल अशी खाच मिळते. काच २ मिलिमीटर, चित्राभोवतीचा माउंट (मध्ये खिडकी कापलेला जाड बोर्ड) साधारण २ मिलिमीटर आणि मागचा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड ३ मिलिमीटर असा थर सात-आठ मिलिमीटरांत मावतो आणि तो अडकवून ठेवणाऱ्या बारीक खिळ्यांसाठी चार मिलिमीटर जागा उरते.

मापे काढताना बाहेरच्या मापापासून नव्हे, तर चित्रापासून सुरुवात करावी. चित्र किंवा त्याचा माउंट खाचेत अगदी घट्ट बसवू नये, कारण दमट हवेत कागद आणि पुठ्ठा दोन्ही किंचित वाढतात आणि जागा नसली की मध्ये फुगतात. म्हणून खाचेतील मोकळी जागा चित्रापेक्षा ३ मिलिमीटर जास्त, म्हणजे ३०३ × ४०३ मिलिमीटर धरावी. तीत दोन्ही बाजूंच्या मागच्या पट्टीची रुंदी, म्हणजे ६८ मिलिमीटर मिळवली की चौकटीचे बाहेरचे माप ३७१ × ४७१ मिलिमीटर येते. समोरून दिसणारी खिडकी २९१ × ३९१ मिलिमीटर राहील. म्हणजे चित्राची प्रत्येक कड साधारण साडेचार मिलिमीटर झाकली जाईल. मुलीने सही अगदी कडेला केली असेल, तर ही गोष्ट आधीच पाहून घ्यावी.

दोन पट्ट्यांच्या या पद्धतीचा खरा फायदा कोपऱ्यांत आहे. पुढच्या थरात उभ्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या, म्हणजे ४७१ मिलिमीटरच्या घ्याव्यात आणि आडव्या पट्ट्या त्यांच्या मध्ये बसतील अशा २९१ मिलिमीटरच्या कापाव्यात. मागच्या थरात याच्या नेमके उलट करावे : आडव्या पट्ट्या पूर्ण, ३७१ मिलिमीटरच्या, आणि उभ्या ४०३ मिलिमीटरच्या. असे केल्याने प्रत्येक कोपऱ्यात पुढची उभी पट्टी मागच्या आडव्या पट्टीवर सुमारे ४० × ३४ मिलिमीटर एवढ्या क्षेत्रात सपाट बसते. लाकडाचा सपाट पृष्ठभाग सपाट पृष्ठभागाला चिकटला की सांधा अतिशय पक्का होतो; टोकाला टोक चिकटवून तेवढी ताकद कधीच मिळत नाही. यात ४५ अंशांचा एकही छेद लागत नाही, सर्व छेद काटकोनी असतात, आणि गुण्याने चारही बाजूंनी रेघ मारून ते साध्या करवतीने नीट कापता येतात. पहिली चौकट करणाऱ्या प्रत्येकाने तिरक्या सांध्याच्या मोहात न पडता याच मार्गाने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक थरासाठी साधारण दीड मीटर पट्टी लागते, त्यामुळे दोन्ही रुंदीची ६ फुटांची एकेक पट्टी आणली की करवतीचे काप धरूनही पुरते.

चिकटवण्याआधी सर्व तुकडे कोरडेच मांडून पाहावेत. नंतर सपाट टेबलावर प्लास्टिकचा कागद अंथरून मागचा थर मांडावा, त्यावर पांढऱ्या फेव्हिकॉलचा पातळ, सलग थर लावावा, पुढच्या पट्ट्या बसवाव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत. या चौकटीचा कर्ण ६०० मिलिमीटरच्या अगदी जवळ येतो. परंतु तो आकडा नेमका येण्यापेक्षा दोन्ही कर्ण समान येणे महत्त्वाचे आहे. एक कर्ण मोठा निघाला तर त्याच्या दोन टोकांवर हलका दाब देऊन चौकट सरळ करावी, वर फळी ठेवून जड वजन ठेवावे आणि रात्रभर हात लावू नये. बाहेर आलेला फेव्हिकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसावा. तो वाळून राहिला, तर त्या जागी पॉलिश लाकडात मुरत नाही आणि फिकट डाग कायमचा दिसतो.

प्रश्न : मी बाजारात मिळणारी नक्षीची तयार पट्टी आणून माइटर बॉक्सच्या साहाय्याने ४५ अंशांत कापतो. तीन कोपरे चांगले जुळतात, पण चौथ्या कोपऱ्यात दर वेळी फट राहते. ती भुसा आणि फेव्हिकॉल यांनी भरली तर पॉलिशनंतर काळी दिसते. दोष कोठे असावा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोष चौथ्या कोपऱ्यात नाही, तो आठही छेदांत थोडा थोडा विभागलेला आहे आणि जुळवणीच्या क्रमामुळे सगळा चौथ्या कोपऱ्यात साचतो. प्रत्येक छेदात केवळ अर्ध्या अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर आठ छेदांची मिळून ४ अंशांची चूक होते. ४० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत तिरक्या सांध्याची लांबी सुमारे ५७ मिलिमीटर असते, आणि एवढ्या लांबीवर ४ अंशांची फट एका टोकाला जवळजवळ ४ मिलिमीटर उघडी दिसते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्वस्त माइटर बॉक्सच्या खाचा वापराने रुंद होतात आणि करवत त्यांत डावी-उजवीकडे हलते. अर्धा अंश तेवढ्यानेच जातो.

दुसरे कारण लांबीचे असते, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोन बिनचूक असले, तरी समोरासमोरच्या दोन बाजूंपैकी एक दुसरीपेक्षा एक मिलिमीटरने जरी मोठी असेल, तरी चौकट मिटत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा पट्टीवर नव्याने मोजून कापू नये. माइटर बॉक्सपासून हव्या त्या अंतरावर एक ठोकळा स्क्रूने पक्का बसवावा, पट्टीचे कापलेले टोक त्याला टेकवावे आणि जोडीचे दोन्ही तुकडे तो ठोकळा न हलवता कापावेत. दोन्ही तुकडे हव्या त्या मापापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने कमी आले तरी बिघडत नाही. ते एकमेकांशी तंतोतंत समान असले पाहिजेत.

कापताना तुकडा थोडा लांबच ठेवून छेद घासून नेमका करण्याची सवय लावावी. सपाट फळीवर ४५ अंशांत एक जाड पट्टी पक्की बसवावी, एका चौकोनी ठोकळ्यावर १२० नंबरचा काचकागद चिकटवावा, चौकटीचा तुकडा त्या पट्टीला टेकवून धरावा आणि ठोकळा फळीवरून सरकवत टोक घासावे. हे काम संथपणे करावे लागते, पण महागड्या यंत्राइतकाच स्वच्छ छेद त्यातून मिळतो.

सांधा चिकटवताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिरक्या छेदात लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि फेव्हिकॉल आत शोषून घेतात, त्यामुळे सांध्यावर चिकटण्यापुरताही तो उरत नाही. म्हणून आधी किंचित पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्यावा, काही मिनिटे थांबावे आणि मग नेहमीचा थर देऊन जोडावे. चारही कोपरे एकाच वेळी आवळण्यासाठी पट्टा-शिकंजा नसेल तर सुतळी पुरेशी असते : प्रत्येक कोपऱ्यावर एल आकाराचा लाकडी तुकडा ठेवून सुतळीचे दोन-तीन वेढे द्यावेत, एका बाजूला वेढ्यांत पेन्सिल अडकवून पीळ द्यावा आणि पीळ घट्ट झाला की पेन्सिल चौकटीला टेकवून सोडावी. चारही कोपरे एकदम आवळले गेल्यामुळे उरलीसुरली चूक एका जागी न साचता वाटली जाते. वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यात बाहेरून आडवा करवतीचा काप घेऊन त्यात त्याच जाडीची लाकडी चकती फेव्हिकॉल लावून बसवावी आणि बाहेरचा भाग तासून टाकावा. तिरक्या सांध्याला खरी ताकद त्या चकतीमुळे येते. गडद लाकडाची चकती वापरली तर तीच कोपऱ्याची नक्षी होते.

भुश्याने फट भरण्याविषयी : केसाएवढी फट असेल तरच तो उपाय करावा. फेव्हिकॉल मिसळलेला भुसा लाकडासारखा रंग घेत नाही. फट त्याहून मोठी असेल, तर त्याच लाकडाचा पातळ कपचा तंतूंच्या दिशेने आत बसवणे चांगले, आणि तेही जमण्यासारखे नसेल, तर सांधा उघडून पुन्हा घासणे हाच सरळ मार्ग आहे.

प्रश्न : चौकटीसाठी कोणते लाकूड घ्यावे? आमच्या जुन्या घराच्या सागवानी दारांच्या झडपा पडून आहेत; त्यांचा उपयोग होईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाच्या इतक्या जवळ राहून आपण बाजारातून दुसरे लाकूड आणावे असे मी सुचवणार नाही, त्यातही घरात जुने सागवान असताना. पन्नास-साठ वर्षे घरात राहिलेल्या लाकडाला आता वाळायचे, आकसायचे फारसे शिल्लक राहिलेले नसते, आणि चौकटीसाठी हा गुण रंगापेक्षा किंवा रेषांपेक्षा महत्त्वाचा आहे. ओल्या लाकडाची चौकट आज कितीही नीट जुळली, तरी लाकूड रुंदीत आकसल्यावर तिरके कोपरे आतल्या बाजूने उघडतात. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे बाजूंचे माप तेच राहते आणि फक्त सांधा फाटलेला दिसतो. वखारीतून नवे लाकूड आणलेच, तर पट्ट्या कापून, त्यांच्यामध्ये काड्या घालून, सावलीत हवेशीर जागी काही आठवडे ठेवाव्यात.

जुन्या झडपांच्या बाबतीत तीन खबरदाऱ्या आहेत. पहिली म्हणजे लोहचुंबक फिरवून आत मोडून राहिलेले खिळे शोधावेत. एक खिळा करवतीचे दात घालवायला पुरेसा असतो. दुसरी अधिक गंभीर आहे. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. रंग ओला करून खरवडावा, तोंडावर चांगला मास्क लावावा, खरवड गोळा करून बांधून टाकावी आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या कामापासून दूर ठेवावे. तिसरी म्हणजे सालीलगतचे फिकट लाकूड काढून टाकून गाभ्याचे गडद लाकूड घ्यावे, कारण भुंगेऱ्याला फिकट भाग आवडतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर ती झडप चौकटीसाठी वापरू नये.

सागवानात नैसर्गिक तेल असते आणि ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर ते फेव्हिकॉलच्या आड येते. सांधा चिकटवण्याच्या जरा आधी तो भाग स्पिरिटच्या फडक्याने पुसून वाळू द्यावा.

ज्यांच्याकडे सागवान नाही, त्यांनी शिकण्यासाठी पाइनची पट्टी घ्यावी. यंत्रसामग्रीच्या खोक्यांतून येणारे पाइन स्वस्त मिळते, पण त्यावरचा शिक्का वाचावा : ‘एचटी’ असेल तर लाकडावर उष्णतेची प्रक्रिया केलेली असते, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये. आंबा मऊ आणि कोरायला सोपा आहे, मात्र तो कीड लवकर धरतो. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) पट्टी रंग देण्यासाठी चालेल. कोरीव कामासाठी तिचा उपयोग नाही आणि दमट भिंतीवर ती फुगते.

प्रश्न : कोरीव काम शिकलेलो नाही, तरी चौकट साधी राहू नये असे वाटते. घरी करता येईल अशी नक्षी कोणती, आणि ती चारही बाजूंना सारखी कशी बसवावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण घरगुती नक्षी हाताच्या कौशल्याअभावी जेवढी फसते, त्याहून जास्त आखणीअभावी फसते. एका टोकापासून फुले काढत जायचे आणि दुसऱ्या टोकाला अर्धे फूल कोंबायचे, हे नेहमी दिसते. त्याऐवजी चारही कोपऱ्यांचे चौकोन प्रथम बाजूला काढावेत आणि उरलेल्या लांबीचे समान भाग करावेत. वर नाशिकच्या वाचकांसाठी दिलेली चौकटच घेऊ. कोपऱ्यांचे ४० मिलिमीटरचे चौकोन वगळले, की आडव्या बाजूला २९१ आणि उभ्या बाजूला ३९१ मिलिमीटर उरतात. आडव्या बाजूचे ९ भाग केले तर प्रत्येक भाग ३२.३ मिलिमीटरचा येतो आणि उभ्या बाजूचे १२ भाग केले तर ३२.६ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला कळत नाही, आणि चारही बाजूंना नक्षी एकाच मापाची वाटते. शिवाय ९ ही विषम संख्या असल्यामुळे वरच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर एक फूल येते. जुन्या वाड्यांच्या दारांवरील गणेशपट्टी पाहावी : मध्यभागी गणपती आणि दोन्ही बाजूंना त्याच्याकडे येणारी वेलबुट्टी. वरच्या पट्टीच्या मध्यावरचे फूल थोडे वेगळे किंवा मोठे ठेवले, तर चौकटीला तोच तोल येतो.

कोपऱ्यांसाठी वेगळा, स्वतंत्र नमुना निवडावा. वेल कोपऱ्यावरून वळवून नेणे कसलेल्या कारागिराचे काम आहे; नवशिक्याने कोपऱ्यात पूर्ण फूल ठेवावे आणि वेल त्याच्या अलीकडे थांबवावी. पितळेची गोल फुले किंवा घुंड्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. त्या कोपऱ्यांवर बसवल्या, तर नजर काटकोनी सांध्याच्या रेषेवर न जाता फुलावर जाते. चुका ठोकण्याआधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर टोकाजवळचे लाकूड चिरते.

कोरायचेच असेल, तर त्रिकोणी खाचांची नक्षी सर्वांत सोपी. धारदार छोट्या सुरीने किंवा अरुंद पटाशीने प्रत्येक खाचेसाठी तीन छेद द्यावेत, म्हणजे मधला कपचा स्वतंत्र निघून येतो. दोन-तीन मिलिमीटर खोली पुरते. अशा खाचांपासून तारे, पाने, कमळाच्या पाकळ्या आणि कंगोरे करता येतात. पट्टी टेबलाला शिकंज्याने पक्की आवळावी आणि दुसरा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते निसटते. अशी नक्षी पट्ट्या जोडण्याआधी करावी. कोपऱ्यांची फुले मात्र जोडल्यानंतर.

हत्यार हातात धरायचे नसेल, तर उठावाचे काम करावे. खडूची बारीक चाळलेली भुकटी आणि फेव्हिकॉल एकत्र मळून दाट लेप करावा, तो मेंदीच्या कोनात भरावा आणि पेन्सिलीने आखलेल्या रेषांवर सोडावा. तंजावरच्या चित्रांतील उठाव खडूची पूड आणि डिंक यांच्या अशाच मिश्रणाने करून त्यावर सोन्याचा वर्ख चढवतात; या चित्रकलेला तंजावरच्या मराठा राजांचा मोठा आश्रय होता. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये, कारण जाड थर वाळताना तडकतो. उंची हवी असेल तर पहिला थर पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा. वाळलेल्या लेपावर चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात देऊन मग रंग किंवा वर्ख लावावा. बाजारात मिळणारा स्वस्त सोनेरी वर्ख पितळेचा असतो आणि उघडा राहिला तर काळवंडतो, त्यामुळे त्यावरही चपडीचा पातळ हात लागतो.

लाखकामाकडे ज्यांचा ओढा आहे, त्यांनी सावंतवाडीच्या चितारआळीतील पाट, खेळणी आणि गंजिफा (खेळायचे रंगवलेले गोल पत्ते) पाहाव्यात. सपाट लाकडावर केवळ रंग आणि रेषा यांच्या बळावर, एकही खाच न कोरता, किती भरगच्च काम होऊ शकते, हे तिथे कळते.

किती नक्षी करावी, याचे उत्तर चित्र देते. वारली चित्र गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी बोलते. त्याच्याभोवती सोनेरी वेलबुट्टी केली, तर दोन्हींची हानी होते. त्याला बारीक खाचांची एक ओळ पुरे. देवादिकांची जुनी, गडद रंगांची तसबीर मात्र जड नक्षी सहज पेलते.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळची, रविवर्मा छापखान्याची लक्ष्मीची तसबीर आहे. पदराला जरी आणि टिकल्या लावलेल्या आहेत. जुनी चौकट वाळवीने खाल्ली आहे. नवी चौकट मी करू शकेन, पण चित्राला हात लावण्याची भीती वाटते. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, बडोदा)

उत्तर : आपली भीती रास्त आहे, आणि ती असलेलीच बरी. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या गायकवाड दरबारासाठी चित्रे रंगवली. त्यांच्या छापील चित्रांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील रंगीत शिळाछापे घरोघरी पोहोचले, आणि देवीच्या चित्राला जरी, टिकल्या व कापड लावून सजवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या तसबिरीवरील जरीकाम हा त्या चित्राच्या इतिहासाचाच भाग आहे. ते काढून ‘मूळ’ चित्र मोकळे करण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये.

चित्र जुन्या चौकटीतून काढताना चौकट पालथी ठेवून आधी मागचे खिळे पकडीने एकेक काढावेत. चित्र काचेला चिकटलेले दिसले, तर तिथेच थांबावे. कोरडेपणी ओढले की रंगाचा थर काचेवर राहतो. ते काम कागदाच्या संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच द्यावे. चित्र सुटे असेल, तर त्याच्या समासाला कात्री लावू नये. छापखान्याचे नाव आणि चित्राचे शीर्षक बहुधा खालच्या समासावर असते, आणि चौकटीत बसावे म्हणून समास कापल्याने अनेक छापांची ओळख नाहीशी झाली आहे. चौकट चित्राच्या मापाने करावी, चित्र चौकटीच्या मापाने नव्हे.

नवी चौकट करताना खाच नेहमीपेक्षा खोल, १८ ते २० मिलिमीटर ठेवावी. म्हणजे मागची पट्टी तेवढ्या जाडीची घ्यावी. कारण जरी आणि टिकल्या काचेला टेकता कामा नयेत. काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लरहित माउंट बोर्डच्या पट्ट्यांचे दोन-तीन थर द्यावेत किंवा खाचेच्या कडेने अरुंद पट्ट्या बसवून अंतर राखावे. चित्राच्या मागेही आम्लरहित बोर्डच हवा. साधा करडा पुठ्ठा आणि प्लायवुड यांतील आम्लद्रव्ये हळूहळू कागदात उतरतात. जुन्या तसबिरींच्या पाठीवर दिसणारे तपकिरी पट्टे त्यामुळेच पडतात. सेलोटेप आणि फेव्हिकॉल चित्राला कोठेही लावू नये. चित्र बोर्डावर धरून ठेवण्यासाठी फक्त वरच्या कडेला, मागून, पातळ व चिवट हातकागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावाव्यात. ती खळ पुढे पाण्याने सोडवता येते. खाली चित्र मोकळे लोंबू द्यावे.

वाळवीने खाल्लेली चौकट नव्या चौकटीशेजारी ठेवू नये. आणि ज्या भिंतीतून वाळवी आली, तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय त्या भिंतीवर तसबीर परत लावू नये.

प्रश्न : पावसाळ्यात चपडीचे पॉलिश केले आणि दुसऱ्या दिवशी चौकटीवर पांढरट धूर पसरल्यासारखा दिसू लागला. लाकूड खराब होते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लाकडाचा दोष नाही, हवेचा आहे. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्या थरात अडकते. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात चपडीचे काम हाती न घेणे हाच उत्तम उपाय आहे. आता आलेला पांढरटपणा घालवण्यासाठी कोरड्या, उन्हाच्या दिवसाची वाट पाहावी, फडके स्पिरिटने जेमतेम दमट करून चौकटीवरून हलक्या हाताने, न थांबता फिरवावे. वरचा थर पुन्हा मऊ होऊन ओल निघून जाते.

पुढच्या वेळी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ते १२० ग्रॅम चपडी रात्रभर भिजवून ते गाळून घ्यावे. जाड एक-दोन हात देण्यापेक्षा पातळ पाच-सहा हात द्यावेत आणि मध्ये मध्ये ३२० नंबरचा काचकागद हलका फिरवावा. त्याआधी लाकूड १००, १५० आणि २२० नंबरच्या काचकागदाने क्रमाने, तंतूंच्या दिशेनेच घासलेले असावे. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे सारे काम देवघरातील समई आणि स्वयंपाकघरातील गॅस यांपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून करावे. पावसाळ्यातच चौकट पुरी करायची असेल, तर चपडीऐवजी पॉलियुरेथेन वॉर्निश घ्यावे. ते वाळायला वेळ घेते, पण दमट हवेत टिकते.

चौकटीची मागची बाजू दिसत नाही म्हणून बहुतेक जण ती कोरी ठेवतात. कोकणात हे अजिबात करू नये. पुढून बंद आणि मागून उघड्या असलेल्या पट्टीत ओल एकाच बाजूने शिरते, आणि पट्टी वाकते. खाचेसह मागच्या बाजूलाही किमान दोन हात द्यावेत.

काही वाचक पॉलिशऐवजी जवसाचे तेल लावतात. सागवानावर ते सुंदर दिसते. पण तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत आणि मगच टाकावीत.

प्रश्न : चौकट तयार आहे. ती टांगण्यासाठी मध्यभागी एकच कडी लावली तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लहान चौकटीला चालते, पण काच असेल तर दोन कड्या लावाव्यात. काचेचे वजन २ मिलिमीटर जाडीला प्रत्येक चौरस मीटरमागे ५ किलो असते. ३० × ४० सेंटीमीटरच्या चित्राची काच केवळ ६०० ग्रॅम भरते आणि सागवानासह सगळी चौकट दोन किलोच्या आत राहते. ६० × ९० सेंटीमीटरच्या चित्रात मात्र एकट्या काचेचेच २ किलो ७०० ग्रॅम होतात. मध्यावरची एक कडी हे सारे वजन वरच्या पट्टीवर टाकते आणि वरचे दोन्ही सांधे उघडू पाहतात. त्याऐवजी दोन्ही उभ्या पट्ट्यांवर, वरून साधारण एक-तृतीयांश अंतरावर, एकेक कडी स्क्रूने बसवून त्यांतून पिळाची तार ओवावी. तार ताणली असता वरच्या कडेच्या आतच राहील एवढी ढिली ठेवावी. भिंतीत खिळा न ठोकता प्लग घालून स्क्रू बसवावा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे पाच मिलिमीटर जाडीचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळती राहते. पावसाचा मारा जिच्यावर थेट बसतो अशी बाहेरची भिंत काच लावलेल्या कागदी चित्रासाठी निवडू नये, मग ती दिवाणखान्यातली सर्वांत मोठी आणि मोकळी भिंत का असेना.